दगडफुलाची पुडी

गडहिंग्लजच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत मालनक्का खोराटेंचं सहा उखळांचं कांडप आहे. पूर्वी शिमगा झाला की सहाही उखळांत लोखंडी मुसळं आदळायला लागायची आणि मिरगापर्यंत त्यांना उसंत नसायची. आजूबाजूच्या चाळीस गावांतल्या बाया संकेश्वरी मिरचीची पोती आणि भाजलेल्या मसाल्याच्या पराती घेऊन रांगेत बसायच्या. मिरची टाकून घरी जायची पद्धत नव्हती. शेजारणीच्या मिरचीत आपली मिसळली तर वर्षभर ताटात दुसऱ्याचं घर यायचं. म्हणून प्रत्येक जणी आपलं उखळ राखत बसायची. नाकाला पदर लावून शिंकायची आणि शिंकता शिंकता तालुक्यातल्या सगळ्या घरांच्या भानगडी सोडवायची.

दारातल्या स्टुलावर मालनक्का. चौथीतून शाळा सुटलेली, सही करताना जीभ बाहेर येणारी, पण नाक असं, की परात उंबऱ्याच्या आत यायच्या आधीच म्हणायची, "धणं कच्चं हाईत. परत जा, भाजून आण." बाई चिडायची, परत जायची, भाजून आणायची. कोल्हापूरकडं लाल मसाल्याला चटणीच म्हणतात, आणि मालनक्काच्या हाताखालून गेलेल्या चटणीला नाव ठेवायची कुणाची छाती नव्हती.

यंदाच्या चैत्रात दोनच उखळं चालू होती, तीही अर्धा दिवस. रांगेच्या जागी गल्लीतली कुत्री झोपलेली. कामाला एकटी शेवंता उरली होती, वीस वर्षांची जुनी.

अशा रिकाम्या दुपारी पुण्याहून थोरल्या लेकीचा, संध्याचा फोन आला.

"आई, यंदा मी येत नाही गं चटणीला."

"का? जावयाला सुट्टी न्हाई?"

"सुट्टीचं नाही. डबी आहे की आता. साधी मिरचीपूड आणते, वरून चार थेंब, झाली तुझी चटणी. तुला कशाला दगदग? गुडघे बघ तुझे."

"गुडघ्यांनी तुझ्याकडं तक्रार केली काय?"

"आई, तूच पाठवलीस ना ती डबी? मग?"

मालनक्का म्हणाली, "ठेव. गिऱ्हाईक आलंय."

गिऱ्हाईक आलेलं नव्हतं.

नवरा गेल्यावर दोन पोरी आणि सहा उखळं तिनं एकटीनं ओढली. त्या ओढण्यात एक शब्द तिच्या तोंडून कायमचा हरवला. ती कुणाला "ये" म्हणत नसे. पोरी शिकायला बाहेर गेल्या, थोरली सासरी गेली, तरी तिनं कधी 'तुमची आठवण येते, या' असं म्हटलं नाही. पाडव्यानंतर एकच निरोप जायचा: "चटणी घालायची हाय. न्यायची असली तर न्या." एवढ्यावर पोरी धावत यायच्या, आठवडाभर राहायच्या, भाजायच्या, भांडायच्या, बरण्या घेऊन जायच्या. बाकीच्या जगात माया ज्या शब्दांत बोलते, ते सगळे शब्द मालनक्काच्या घरी चटणीच बोलायची.

आणि ती चटणी मालनक्कानं आपल्या हातानं उजेडाला देऊन टाकली होती.

त्याचं असं झालं. दोन वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या एका कंपनीतून अभिनंदन चौगुले नावाचे शास्त्रज्ञ आले. चाळिशीचे, चष्म्याचे, बोलायला मऊ. म्हणाले, "अक्का, तुमच्या चटणीचा वास आम्हाला बनवायचाय."

"तुम्ही चौगुले म्हंजे जैन. कांदा-लसूण खाता?"

"नाही."

"आन् कांदा-लसणाच्या चटणीची परीक्षा घ्यायला आलाय. शेवंता, ह्यास्नी चा दे. बिनसाखरेचा दे, वासावर पितील."

चौगुले हसले, चहा प्याले आणि समजावून सांगू लागले. वास म्हणजे हवेत उडणारे बारीक रेणू. चटणीच्या एका चिमटीतून दोनशेच्या वर जातींचे रेणू उडतात. कुठला किती, हे मोजणारी यंत्रं जुनीच. अडचण होती ते पुन्हा बनवण्याची. रेणू बदलायचा तर आच द्यावी लागते, आणि आच दिली की हव्या त्याबरोबर नको ते दहा तयार होतात. चौगुलेंच्या यंत्रात आच नव्हती. केसासारख्या काचेच्या नळ्या, आतून पिवळसर भुकटीचा लेप. नळीतून साधी तेलं सरकायची: संत्र्याच्या सालीचं, लवंगेच्या पाल्याचं, चीड झाडाच्या राळेचं. लेपावर उजेड पडला की त्यातले इलेक्ट्रॉन उडी मारायचे आणि हवेतल्या प्राणवायूला जागं करायचे. तो जागा झालेला प्राणवायू तेलाच्या रेणूचा नेमका एकच सांधा बदलायचा. निळ्या उजेडात एक सांधा, हिरव्यात दुसरा. लवंगेच्या तेलातून व्हॅनिला निघायचा, संत्र्याच्या सालीतून शहाजिरं. खरपूस वासाला डाळीच्या टरफलांचा अर्क.

"लेपाला उत्प्रेरक म्हणतात," चौगुले म्हणाले. "लग्न जमवणाऱ्या मध्यस्थासारखा. दोघांचं जुळवतो, स्वतः आहे तसा राहतो."

"मध्यस्थ जेवल्याबिगर हलत न्हाई, चौगुले."

"हा उजेड खातो. खिडकीतला."

म्हणजे पुढं कृती लिहायची ती उजेडाची: कुठला रंग, किती सेकंद. एवढी यादी फोनवरून जगात कुठंही पाठवता येणार, आणि जेवणाच्या डब्याच्या एका पुडाएवढी डबी कुणाच्याही खिडकीत बसून तो वास थेंबाथेंबानं गाळणार. तेलं झाडांची, हवा रोजची, उजेड सूर्याचा.

मालनक्कानं सगळं ऐकून घेतलं. "माझा वास तुमच्या नळीत मावायचा न्हाई," ती म्हणाली.

"बघूया का?"

ह्या 'बघूया का' नं घात केला. नको म्हणाली असती तर विषय संपला असता. पण आव्हान दिलं की मालनक्काच्या अंगात येतं. ती आत गेली, फडताळातल्या मागच्या कोपऱ्यातली एक बरणी काढली, तोंडाचं फडकं सोडलं, वरचा हिंगाचा खडा बाजूला केला आणि वाटीभर चटणी चौगुलेंना दिली. समोर चार ताज्या बरण्या असताना मागची काढली, हे शेवंतानं पाहिलं, पण का ते विचारलं नाही.

नऊ वेळा चौगुले नमुना घेऊन आले. नऊ वेळा मालनक्का डोळ्यांवर पदर बांधून बसली, शेवंतानं एक खरी नि एक यंत्राची अशी एकेक वाटी नाकाखाली धरली, आणि नऊ वेळा मालनक्कानं यंत्राची वाटी बाजूला सारली. "ही दुकानातली." "ही आजारी माणसाची." "हिला वास हाय, पर घर न्हाई." नवव्यांदा चौगुले रडकुंडीला आले.

"अक्का, सगळे रेणू जुळतात हो. कमी काय आहे ते तरी सांगा."

"तुम्ही घालायचं इसरत न्हाई. तुम्ही कायतरी काढताय."

चौगुलेंनी चष्मा पुसला. "एक करपट घटक होता खरा. दगडफूल जळल्याचा. तो आम्ही नमुन्यातली चूक म्हणून वगळला. तुमच्या हातून कसं करपेल?"

मालनक्का म्हणाली, "ती चूक न्हाई. ती घाला."

ती बरणी पाच वर्षांपूर्वीची, धाकट्या रेणुकाच्या वाट्याची.

त्या साली रेणुका चुलीपुढं दगडफूल भाजत होती. दगडफूल म्हणजे खडकावर बुरशी आणि शेवाळ मिळून वाढलेली खपली, काळी-पांढरी, कागदासारखी हलकी. कढईत टाकली की नजर हलवायची नाही. रेणुका म्हणाली, "आई, मला ॲडलेडला नोकरी लागली. द्राक्षांच्या संशोधनात. जूनला जाणार." कांडप रेणुकाच्या नावावर करायचे कागद मालनक्कानं आठवड्यापूर्वीच तयार करवले होते, तिला न विचारता. मग जे व्हायचं ते झालं. आवाज चढले. तू मला कधी विचारलंस, तू मला कधी सांगितलंस. मधेच मालनक्काचं लक्ष कढईकडं गेलं. दगडफूल काळं पडत होतं.

"बघ! एक पुडी दगडफूल सांभाळता येईना, परमुलखात काय दिवे लावणार?"

"मग फेकून दे ते!"

"फेकीन न्हाईतर ठेवीन. तुझ्या हातची चटणी ह्या घरात नको."

रेणुका चौथ्या दिवशी घर सोडून गेली. बरणी नेली नाही. त्यानंतर दिवाळीला दोन ओळींचा निरोप, तोही संध्यामार्फत.

मालनक्कानं ते दगडफूल फेकलं नव्हतं. घातलं होतं. दिवाळीत बरणीचं फडकं सोडलं आणि ती जागीच बसली. चाळीस वर्षांत अशी चटणी त्या घरात झाली नव्हती. खोल, कडवट, धुरकट, आणि मागून गोड. पुढच्या उन्हाळ्यात तिनं ती पुन्हा करून बघितली. मुद्दाम करपवलं तर राख व्हायची, जपून भाजलं तर नेहमीची व्हायची. त्या दोन्हींच्या मधलं करपणं तिच्या हातून होईना. ते बोलण्यात गुंतलेल्या बाईच्या हातूनच व्हायचं, आणि घरात बोलायला कुणी नव्हतं.

दहाव्या खेपेला चौगुलेंनी दोन वाट्या आणल्या. मालनक्कानं पदर बांधला. पहिली हुंगली. दुसरी हुंगली. परत पहिली. मुसळं बंद होती. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येत होता.

शेवंता तिच्या कानाशी लागून पुटपुटली, "न्हाई म्हना, अक्का. कुनाला कळतंय?"

"माझ्या नाकाला कळतंय," मालनक्का म्हणाली, आणि पदर सोडला. "चौगुले, दोन्ही एकच हाईत."

ती खोटं बोलू शकली असती. पण नाकाबाबत खोटं बोलायचं तर मग स्वतःचं म्हणावं असं राहिलं काय? डबीवर तिचं नाव छापलं गेलं: मालनक्का. पहिल्या दोन डब्या आल्या तेव्हा तिनं गल्लीभर मिरवल्या. एक संध्याला धाडली. दुसरी रेणुकाचा पत्ता घालून गुंडाळली आणि मग फडताळात ठेवून दिली. पाठवणं म्हणजे आधी आपण बोलणं, आणि तेवढं तिला जमलं नाही.

वर्षभरात डब्या घरोघरी गेल्या. मालनक्काच्या एकटीच्याच नव्हे, दुसऱ्या गावांच्या, दुसऱ्या घरांच्याही. बाया भेटल्या की कौतुकानं सांगायच्या, "अक्का, तुमचीच वापरतो हं." मालनक्का हसून "बरं" म्हणायची आणि रिकाम्या रांगेकडं बघायची. वास सगळीकडं पोचला. तो घ्यायला जी माणसं यायची, ती तेवढी यायची थांबली.

संध्याच्या फोननंतर आठ दिवसांनी चौगुले परत उगवले. या खेपेला हातात नवीन बाटली.

"अक्का, सुधारलेली आवृत्ती. लोकांच्या पाहणीत आलंय, करपट वास जरा कमी हवा. उजेडाच्या यादीतल्या तीन ओळी काढल्या की झालं. तुमच्या होकाराशिवाय बदलायचं नाही, असं करारात आहे."

"न्हाई."

"हुंगून तरी बघा."

"हुंगायचं काय त्यात? त्यातली माझी लेक तुम्ही काढलीया."

तोंडातून गेलेला शब्द परत घेता येईना. चौगुले बाटली हातात धरून उभेच राहिले. मग मालनक्कानं, शेवंतालाही कधी न सांगितलेलं, त्या कांदा-लसूण न खाणाऱ्या परक्या माणसाला सांगितलं. चार वाक्यांत. कढई, भांडण, दगडफूल, बरणी.

चौगुले स्टुलाशेजारच्या पोत्यावर टेकले. "ॲडलेड म्हणालात?"

"व्हय."

त्यांनी फोन काढला, बराच वेळ बोट फिरवलं. "गिऱ्हाइकांचे अभिप्राय येतात आमच्याकडे. बहुतेक लांबलचक असतात. हा एकच लहान होता म्हणून लक्षात राहिला. नाव दिलेलं नाही. फक्त गाव आहे." त्यांनी वाचून दाखवलं, "'दगडफूल करपलंय. काढू नका.'"

मालनक्कानं फोन हातात घेतला. अक्षरं जुळवायला तिला वेळ लागला. दोनदा वाचलं. मग फोन परत दिला आणि म्हणाली, "चा घेणार?"

"नको, निघतो. अक्का, त्या तीन ओळी राहतील." दारापर्यंत जाऊन ते थांबले. "हे जे मला सांगितलंत ते तिला सांगितलंय?"

"तुम्ही उजेडाचं बघा, चौगुले."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला, शेवंता मिरच्यांची देठं काढत असताना, मालनक्कानं संध्याकडून नंबर मागून घेतला आणि फोन लावला. तिकडं दुपार होती. तिनं वाक्य तयार ठेवलं होतं, रात्रभर घोकलेलं: चटणी घालायची हाय, तुझी बरणी भरून ठेवते, न्यायची असली तर ने.

"आई?" पाच वर्षांनी तो आवाज. "काय झालं?"

"काय व्हायचंय? मी फोन केला म्हंजे कोन मेलंच पायजे व्हय?"

पलीकडं कुणी हसलं नाही. मागं कुठलासा अनोळखी पक्षी ओरडत होता.

"जेवलीस?"

"आत्ताच."

"काय होतं?"

"वांगं." मग जरा थांबून, "डबीतले थेंब घालून."

"डबी हाय तुझ्याकडं."

"हाय."

घोकलेलं वाक्य तिथंच मेलं. डबी असताना बरणी भरून ठेवण्यात अर्थ उरला नव्हता, चटणी न्यायला येण्याचं कारण उरलं नव्हतं. शेवंतानं देठं काढायची थांबवली.

"आई, ते तू फेकलं नव्हतंस?"

"काय?"

"करपलेलं."

"दगडफूल मिळत नव्हतं त्या साली. फेकते कशाला?"

पलीकडून एक आवाज आला. हसण्याचा होता की दुसरा कसला, ते कळायला नाक उपयोगाचं नव्हतं.

"रेणू."

"हं."

"ये."

"चटणीला?"

चाळीस गावांच्या बायांसमोर कधी न अडलेली मालनक्काची जीभ अडली. "चटणी हाय की तुझ्याकडं," ती म्हणाली. "नुसती ये."

पक्षी दोनदा ओरडला. मग रेणुका म्हणाली, "बघते, आई."

फोन बंद झाला. 'बघते' हा शब्द त्याच घरातला. मालनक्कानं जन्मभर ज्याला ज्याला 'बघते' म्हटलं होतं, त्यातल्या एकाचंही तिनं पुढं काही बघितलं नव्हतं. हे ती जाणून होती आणि रेणुकाही जाणून होती.

वैशाख चढला. मालनक्कानं घरची चटणी घालायला काढली. संध्याला निरोप नाही, कुणाला नाही. धणे भाजले, तीळ भाजले, खोबरं भाजलं, कांदा-लसूण तळला. मिरची उन्हात कडकडीत झाली. एका उखळापुढं सगळ्या पराती ओळीनं मांडून झाल्या. फक्त दगडफुलाची पुडी तिनं फडक्यात बांधून चुलीवरच्या खुंटीला अडकवली.

रोज सकाळी शेवंता विचारायची, "अक्का, घालू मिरची?"

"थांब."

आठ दिवस झाले. पंधरा झाले. एकदा संध्याचा फोन येऊन गेला, रेणूचं काही कळलं का विचारायला. काही कळलं नव्हतं. एस. टी. स्टँडवरून येणाऱ्या रिक्षा गल्लीच्या तोंडाशी वळायच्या आणि सरळ निघून जायच्या. पश्चिमेकडं ढग दिसायला लागले. मिरग जवळ आला की मिरची सादळते आणि वर्षाचं काम वाया जातं, हे शेवंतानं मालनक्काला सांगायची गरज नव्हती. तरी तिनं सांगितलं.

"अवो, एक पुडी तर हाय. उद्या कुटून टाकू समदं. दगडफूल तुम्हीच भाजा की, अक्का. तुमच्याइतकं नीट कोन भाजतंय?"

मालनक्कानं खुंटीवरच्या फडक्याकडं बघितलं.

"त्येच की," ती म्हणाली. "एकटीनं भाजलं की नीट भाजतंय."

आणि स्टूल दारात ओढून, गल्लीच्या तोंडाकडं तोंड करून बसली.